मदत हवी आहे: जास्वंदीवरची पांढरी कीड काही केल्या जात नाही

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीच्या ग्रिलमध्ये अकरा कुंड्या आहेत. दहा माझ्या, एक सासूबाईंची. ती एक म्हणजे लाल, पाच पाकळ्यांची साधी जास्वंद, गणपतीसाठी लावलेली. गेल्या दिवाळीपर्यंत रोज दोन-तीन फुलं यायची.

डिसेंबरपासून शेंड्यांना कापूस चिकटल्यासारखं दिसायला लागलं. आता पानांच्या बेचक्यात, कळ्यांच्या देठाशी, सगळीकडे तेच. खालची पानं चिकट झालीत आणि त्यांच्यावर काजळी धरलीय. कळी मटाराएवढी झाली की पिवळी पडून गळते. संकष्टीला फूल बाजारातून आणावं लागलं. सासूबाई ते देवाला वाहताना एकदा कुंडीकडे बघतात आणि एकदा माझ्याकडे. बोलत काही नाहीत.

आतापर्यंत केलेले प्रयोग: कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून फवारलं (तेल वर तरंगत राहिलं, बाटलीतून नुसतं पाणी उडालं). कपडे धुण्याची पावडर कालवून मारली (पानांच्या कडा करपल्या). आंबट ताक आणि हिंग (कीड तशीच, घराला मात्र दोन दिवस लग्नाच्या पंगतीचा वास). हळदीचं पाणी (खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर ठिपके, संबंध तेव्हापासून जरा ताणलेले).

खायला घालण्यात कुठे कमी नाही. रोज चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, पंधरा दिवसांनी भिजवलेली मोहरीची पेंड, आणि महिन्यातून एकदा बादलीत केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ घालून आंबवलेलं खत). त्यात गूळ जरा सढळ हातानेच घालते.

बाजारातलं कीटकनाशक नको आहे. फूल देवाला जातं आणि घरात तीन वर्षांचं कार्टं आहे, दिसेल ते तोंडात घालतं. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.
— ग्रिलमधली बाग

निवृत्त माळी: ताई, हा पिठ्या ढेकूण. शहरात मिलीबग म्हणतात. अंगावरचं पीठ म्हणजे मेण, म्हणून साधं पाणी किंवा ताक त्याला लागतच नाही, ओघळून जातं. साबणाने ते मेण सुटतं. निंबतेल थेट पाण्यात मिसळत नाही, तिथेच तुमचं चुकलं. आधी वाटीत ५ मिली निंबतेल आणि १-२ मिली भांडी घासायचं लिक्विड एकजीव करा, पांढुरकं होईपर्यंत. मग त्यात हळूहळू लिटरभर कोमट पाणी घाला. एका पानावर मारून एक दिवस थांबा, मग बाकीच्या झाडावर. ऊन उतरल्यावरच मारायचं, नाहीतर पानं पुन्हा भाजतील. कपड्यांच्या पावडरीला परत हात लावू नका.

पण फवारणी नंतर. आधी अगदीच माखलेले शेंडे कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. नुसते कचऱ्यात टाकलेत तर त्यातले किडे चालत दुसऱ्या कुंडीत जातात. उरलेल्या बेचक्या जुन्या टूथब्रशने घासा. त्या कापसात अंडी असतात, ती एका फवाऱ्याने मरत नाहीत. दर सहा-सात दिवसांनी, असं तीन-चार वेळा तरी करावं लागेल.

कोकणकन्या: आमच्याकडे आजोबा तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी मारायचे. कीड औषधालाही उरायची नाही.

निवृत्त माळी: तंबाखूत निकोटीन असतं हो. कीड मरते, पण यांच्याकडे तीन वर्षांचं पोर आहे. शिवाय शेजारच्या कुंडीत मिरची किंवा टोमॅटो असेल तर तंबाखूतून त्यांना मोझॅकचा, म्हणजे पानं चितकबरी करणारा विषाणूचा रोग लागू शकतो. घरगुती म्हटलं की निरुपद्रवी, असं काही नसतं.

बांधावरून: एकच प्रश्न. झाडावर मुंग्या आहेत का?

ग्रिलमधली बाग: आहेत की! काळ्या, बुंध्यावरून खाली-वर रांग असते. त्या किडे खायला येतात असं समजून मी त्यांना हात लावला नव्हता. उलट बरंच वाटत होतं.

बांधावरून: वाटलंच. त्या खायला नाही, राखायला येतात. पिठ्या रस पितो आणि जास्तीची साखर चिकट्याच्या रूपात बाहेर टाकतो. तुमच्या पानांवरचा चिकटपणा तोच, आणि काजळी म्हणजे त्या साखरेवर वाढलेली बुरशी. मुंग्या तो चिकटा पितात आणि बदल्यात पिठ्याला खाणारे किडे हुसकावून लावतात. वर त्याची पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊनही ठेवतात. गुराखीच म्हणा.

आता तुमची खतांची यादी परत वाचा. चहाचा चोथा धुऊन घालता का? नसाल, तर रोज साखर घालताय. जीवामृताचं मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याला २ किलो गूळ, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, आणि ते शेतासाठी. तुमचा सढळ हात अकरा कुंड्यांवर. मुंग्यांना तुम्हीच आवतण दिलंय. पेंडीत नत्र भरपूर, त्याने लुसलुशीत शेंडे फुटतात आणि रस पिणाऱ्या किडीला तेच हवं असतं. दीड महिना खाऊ-पिऊ घालणं बंद. नुसतं पाणी द्या. झाड उपाशी मरत नाही.

मुंग्यांसाठी: कुंडी ग्रिलला किंवा भिंतीला टेकलेली नको, फांदीसुद्धा नको. कुंडीखाली विटेचा तुकडा, तो पाण्याच्या ताटलीत. ताटलीत साबणाचे दोन थेंब टाकाच, नाहीतर डासांची पैदास होईल आणि काकूंना नवीन विषय मिळेल.

ग्रिलमधली बाग: चोथा गाळणीतून थेट कुंडीत जात होता. आमच्याकडे चहा गोडच लागतो. 🤦‍♀️ सुरू करते.

ग्रिलमधली बाग (बारा दिवसांनी): शेंडे कापले, दोन फवारण्या झाल्या. मुंग्यांची रांग तुटली. पांढरं बरंच कमी झालंय. पण आता नवीनच प्रकार दिसतोय. एका फांदीवर पांढरे किडे आहेत, पण मोठे, पाठीवर मेणाच्या झुलपा असलेले. आणि चालतात! आधीचे एका जागी बसून असायचे, हे तुरुतुरु पळतात. कीड मोठी झाली की काय? ब्रशने काढून साबणाच्या पाण्यात टाकतेय.

बांधावरून: ताई थांबा! ती कीड नाही. क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी दिसतेय, नाहीतर त्याच्याच भावकीतली. पिठ्या ढेकूण खाते, आणि दिसते थेट त्याच्यासारखीच. ओळखायची खूण तुम्हीच लिहिलीत: आकाराने मोठी, झुलपा लांब, चाल भरभर. मोठी होऊन छोटा काळपट ढालकिडा होतो, डोकं नारिंगी. तोही तेच खातो. मुंग्या हटल्या म्हणूनच तिला आत येता आलं.

पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरकडे आला तेव्हा लोकांनी औषधं मारमारून पाहिली. तो आटोक्यात आला २०१० नंतर, परदेशातून गांधीलमाशीच्या कुळातल्या इवल्याशा परोपजीवी माश्या आणून सोडल्यावर. त्या तर नीट दिसतही नाहीत. तुमच्या तर डोळ्यांना दिसतायत. किती मारल्यात?

ग्रिलमधली बाग: चौदा. मोजून. 😔 बादलीत पाहिलं, सगळ्या गेल्या. फांदीवर अजून तीन आहेत. साबण-निंबतेल बंद करू का?

निवृत्त माळी: त्या फांदीवर अजिबात मारू नका, निंबतेल त्यांनाही लागतं. दुसरीकडे कापूस दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी तेवढ्याच जागी टेकवा. आणि थोडी कीड राहू द्या. संपूर्ण पुसून काढलीत तर त्या तिघी खातील काय?

ग्रिलमधली बाग: सासूबाईंना बोलावून त्या तीन अळ्या दाखवल्या. चष्मा लावून पाच मिनिटं बघत होत्या. एकीने आमच्यासमोर एक पिठ्या मटकावला. त्या म्हणाल्या, "ह्यांना हात लावू नकोस." पहिल्यांदा कुंडीबद्दल काहीतरी बोलल्या. दोन कळ्या मटाराच्या पुढे गेल्यात, देठ हिरवे आहेत अजून.

खालच्या काकूंनी मुलाला वर पाठवलं होतं. पुढची फवारणी कधी ते विचारायला, म्हणजे चादरी आधी काढून घेता येतील. तूर्त नाही असं कळवलंय.