४ हजारांत कुठलं वाद्य घेऊ? (वय ४६, भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा)

कारकूनबाई
नमस्कार मंडळी. टायपिस्ट म्हणून नोकरीला लागले, आता वरिष्ठ लिपिक. डोंबिवली ते सीएसएमटी रोजची वारी. गेल्या महिन्यात बीपी १४२/९२ निघालं, गोळी सुरू झाली, डॉक्टर म्हणाले चालत जा आणि एखादा छंद लावून घ्या. गाणी मी ऐकते हो, लोकलमध्ये कानात असतातच, पण गाणं एकीकडे आणि डोक्यात फायली दुसरीकडे. मुलगी म्हणते आई तू टेन्शनमध्ये टेबलावर टाइप करत बसतेस. म्हणून म्हटलं हाताला काहीतरी वाजवायला द्यावं. आधी काहीही शिकलेले नाही. बजेट ४००० म्हणजे ४०००. वेळ रात्री साडेनऊ ते दहा, त्याआधी ओटा आवरत नाही. शेजारी दहावीचा मुलगा आहे आणि भिंत कसली, पडदाच तो. काय घेऊ?

पेटीकर_सातारा
पेटी. विषय संपला. पण ४ हजारांत नवी पेटी म्हणजे खेळणं, भाता महिन्यात हवा सोडायला लागतो. मी ११ वर्षांपूर्वी २२ हजारांना घेतली, पालिताण्याचे सूर (आतल्या पितळी पट्ट्या), खर्ज-नर म्हणजे जाड आणि मधल्या आवाजाचे दोन्ही, आजही एक सूर हललेला नाही. थोडं थांबा, निदान १५ जमवा.

उगाच_एक
बजेट ४ लिहिलंय काका.

पेटीकर_सातारा
वाचलं. म्हणूनच थांबा म्हटलं.

मींडप्रेमी
पेटीने कान बिघडतात. दोन स्वरांमधली जागाच नाही तिच्यात, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ती घ्यायची तर कुठून घेणार. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती ती उगाच का?

पेटीकर_सातारा
आणि १९७१ला उठवली ती उगाच का? पुलं पेटीच वाजवायचे. बाईंना मैफल करायचीय का, झोप यायला हवीय त्यांना.

रत्नांग्रीकर
पेटीचं दुःख मला विचारा. ऑनलाइन मागवली, फोटोत चकचकीत, जुलैत दोन पट्ट्या खाली बसल्या त्या वर येईनात. भाता उघडला तर आत झुरळाचं अख्खं बिऱ्हाड. दुकानदार म्हणतो हवा तुमच्याकडची खराब. आता तिच्यावर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आहे. कोकणात असाल तर पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवा. डोंबिवलीलाही दमट आहेच.

पथकवाला
ताई हे घरात बसून टुणटुण करण्यापेक्षा ढोल पथक लावा. आमच्याकडे पन्नाशीच्या दोन काकू आहेत, जुलैपासून सराव, घामाबरोबर सगळं निघून जातं. खर्च शून्य, ढोल पथकाचा.

डावा_कान
मी तीन सीझन वाजवला. कानात अजून कुकर शिजतोय, शिट्टी काही होत नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं वाजवायचं तर बोळे घालून. पथकवाल्यांनी हे पण सांगत चला.

पथकवाला
आम्ही देतो बोळे. पोरं घालत नाहीत.

नियमावली
निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र १० ला सुरू होते. तुम्ही १०ला थांबणार म्हणजे तुम्हाला दिवसाचीच मर्यादा. दहावीच्या मुलाची आई हा कायदा वेगळा.

वेळूवन
बासरी घ्या. स्वस्त आणि पर्समध्ये मावते. मी जत्रेतली १८० रुपयांची घेतली, आठ दिवस नुसती फूंऽऽ फूंऽऽ, डोकं गरगरायला लागलं, बायको म्हणाली गॅस लीक होतोय का बघा. नंतर कळलं बासरीच बेसूर होती. मग सुरात लावलेली घेतली १२०० ला. पहिल्यांदा लांब बासरी घेऊ नका, आवाज गोड पण बोटं भोकांपर्यंत पोचत नाहीत. आता दोन वर्षं झाली, तीन अलंकार (सुरांचे सरावाचे पलटे) येतात. पण श्वास सुधारला हे खरं.

की_बोर्ड_झिंदाबाद
एवढा काथ्याकूट कशाला, कीबोर्ड आणि हेडफोन. शेजाऱ्याला आवाज नाही, पट्टी (सा कुठल्या उंचीवर धरायचा ते) बदलता येते, ओलसर हवेची भानगड नाही. वापरलेला ४ हजारांत मिळून जाईल.

सूरदान
माझ्या मोठ्या भावाने रोज सकाळी एक ठराविक राग ऐकून दोन महिन्यांत बीपीची गोळी बंद केली. नाव मेसेजमध्ये सांगतो.

वॉर्डातली_सिस्टर
नाव इथेच सांगा की, आणि भावाचं आत्ताचं बीपीही सांगा. कारकूनबाई, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात सोडायची नाही. गाण्याचा उपयोग होतो, ऑपरेशनआधी आवडीचं गाणं ऐकवलं की पेशंटची भीती कमी होते यावर रीतसर अभ्यास झालेत, आणि आम्ही रोज डोळ्यांनी बघतो. पण ते एका रागाचं औषध नव्हे, एकाला भजन लागतं, दुसऱ्याला लावणी. एक फुकटचं सांगते. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, आवाज बारीक, आणि खालचा सा जमेल तितका लांब धरा. श्वास सोडणं आपोआप लांबतं, छाती हलकी होते. मी नाइटहून आले की दहा मिनिटं करते. वाद्य काहीही घ्या, हे आधी करा.

मींडप्रेमी
खर्ज साधना, म्हणजे हा खालच्या सुरांचा रियाज, पहाटेच करतात.

वॉर्डातली_सिस्टर
पहाटे मी वॉर्डात असते.

लेकीची_आई
कलिंबा बघा ना! १७ पट्ट्या, अंगठ्यांनी वाजतो, हजाराच्या आसपास. माझ्या लेकीने घेतला, चार दिवसांत गाणी बसवली, पाचव्या दिवशी कपाटात. आवाज अगदी पावसाच्या थेंबांसारखा.

डोंबिवली_पूर्व
कीबोर्ड आणि हेडफोन हे कोणी सुचवलं का?

उगाच_एक
वर आहे.

कारकूनबाई
सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचा सा रोज धरतेय, मिस्टरांना वाटलं पाण्याची मोटर चालू राहिली.

आता ओरडू नका. मी बुलबुलतरंग घेतला, तारा आणि बटणांचा, बेंजोही म्हणतात तो. वापरलेला, १८००ला. कीबोर्डच बघायला कल्याणला गेले होते, तो गृहस्थ पूर्वी बेंजो पार्टीत वाजवायचा, कोपऱ्यात हा पडलेला. बटणं बघितली आणि पाय निघेना. अहो टाइपरायटरच तो! मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची परीक्षा दिलेली बोटं माझी, डावा हात न बघता पडायला लागला. उजव्या हातात नखी धरून तारा छेडायच्या, तिथे अजून घोळ आहे. तारा गंजलेल्या, एक बटण अडकतं, त्याला गृहस्थाने खोबरेल लावून दिलं. खाली चार पदरी टॉवेल घालते, मग भिंतीपलीकडे जात नाही, विचारून आले. काल वाजवता वाजवता सव्वादहा झाले, आणि एकही फाइल आठवली नाही.

पेटीकर_सातारा
बेंजो?? लग्नाच्या वरातीत बसणार काय? १५ जमवायचे होते.

पथकवाला
वरात असेल तर आम्हालाही कळवा.

वेळूवन
हे वाद्य मूळ जपानचं. १९१२ ला नागोयात निघालं, तिकडे ताइशोगोतो म्हणतात, आणि त्याची बटणं टाइपरायटरवरूनच सुचलेली असं वाचलंय.

कारकूनबाई
काय सांगता! मग बरोबरच झालं. आता एक सांगा, नव्या तारा घालायच्यात. गृहस्थ म्हणाला बटणांखालच्या सुराच्या सगळ्या तारा सा ला लाव, बाजूच्या नुसत्या घुमणाऱ्या तारांचं तो विसरलाय. तिथे सा आणि प ठेवू का? आणि पट्टी कुठली, सा पेटीच्या काळी चारला धरू की त्याखाली?

डोंबिवली_पूर्व
कीबोर्डला तारा लावाव्या लागत नाहीत.