मदत हवी आहे: भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाच्या १६८ मिमीच्या मॉडेलसाठी चॅसिस (मोटर आणि चाकांसह खालचा सांगाडा) कोणते घ्यावे?

वाठारकर:
नमस्कार. डब्ल्यूडीएम-२ ची बॉडी थ्रीडी प्रिंट करून, घासून, प्रायमर मारून तयार आहे. बफरसह लांबी १६८.५ मिमी आहे आणि रूळ नेहमीचेच, १६.५ मिमी गेजचे (दोन रुळांमधले अंतर) आहेत. सहा ॲक्सलच्या एका अमेरिकन डिझेलचे चॅसिस मधोमध कापून आत बसवण्याचा प्रयत्न दोनदा केला. परंतु बोगी (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटी) इतक्या लांब पडतात की इंधनटाकीला जागाच उरत नाही. पुढच्या महिन्यात मंडळी लेआउट (मॉडेल रेल्वेची मांडणी) पाहायला येणार आहेत आणि माझ्याकडे ओढायला इंजिन नाही. कृपया योग्य चॅसिसचे नाव तेवढे सांगावे.

रूळमित्र:
चॅसिसचा दोष नाही, आपल्या बॉडीचे माप चुकले आहे. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७.१२ मीटर आहे, ती एचओ या नेहमीच्या १:८७ मापासाठी ८७ ने भागल्यास १९७ मिमी येते. प्रिंट काढताना फाइल ८५ टक्क्यांवर आणली गेली असावी, कारण माझ्याही बाबतीत एकदा असेच झाले होते. बॉडी पुन्हा छापावी, म्हणजे प्रश्न मिटेल.

सोल्डरगन:
वळणांची त्रिज्या किती आहे, गाडी किती डब्यांची आहे आणि डीसी (साधे नियंत्रण) की डीसीसी (डिजिटल नियंत्रण), हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वाठारकर:
बॉडी चुकलेली नाही. मी ३ मिमी स्केलमध्ये (खऱ्या एका फुटाला ३ मिमी), म्हणजे १:१०१.६ मध्ये काम करतो. हे येथे सर्वांना ठाऊक असेल असे गृहीत धरले, त्याबद्दल क्षमस्व. कमीत कमी त्रिज्या ६०० मिमी, डीसी, आणि पुणे–मिरज मार्गावरील आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यांची दहा डब्यांची पॅसेंजर.

एन_गेजवाला:
एवढी अडचण सोसण्यापेक्षा एन गेज (१:१६० चे लहान माप) घ्यावे, असे मी अनुभवावरून सुचवतो. आयसीएफचा डबा बफर सोडून १३३ मिमीत बसतो आणि आपल्या मार्गावरचे अख्खे वाठार स्थानक एका टेबलावर मावते.

डबेवाला_६४:
टीटी (टेबल-टॉप) माप म्हणजे हेच ना? मग चॅसिसची चणचण कसली? हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीने २०२२ मध्ये टीटी पुन्हा बाजारात आणले आहे.

सोल्डरगन:
डबेवाला, ते टीटी निराळे. हॉर्नबीचे नवे माप १:१२० आहे आणि त्याचे रूळ १२ मिमीचे आहेत. वाठारकर म्हणतात ती ३ मिमी स्केल ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीने १९५७ साली आणली आणि दहा वर्षांच्या आत गुंडाळली. तिच्यावर जीव असलेल्या ब्रिटिश मंडळींनी १९६५ मध्ये स्वतःची सोसायटी काढली म्हणून ती आजही जिवंत आहे. गंमत अशी की ती मंडळीही बहुतांशी १२ मिमी रुळांवरच गाड्या चालवत आली, वास्तविक त्यांच्या १४३५ मिमीच्या गेजला १४.१ मिमी हवे.

रूळमित्र:
म्हणजे उत्पादकानेच साठ वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या मापाला आपण चिकटून बसला आहात. दहा डबे आणि इंजिन मिळून एचओमध्ये २.७६ मीटर होतात, आपल्या मापात २.३६. केवळ ४० सेंटिमीटरसाठी प्रत्येक वस्तू हाताने घडवण्याचा हा अट्टहास मला समजत नाही. एचओमध्ये इंजिन, डबे, सुटे भाग, सर्व काही मिळते. शिवाय आपल्याकडे जे मोजके लोक हा छंद करतात, त्यांच्या लेआउटवर आपली गाडी नेऊन चालवताही येते.

वाठारकर:
जागा वाचवणे हा हेतू कधीच नव्हता. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. फुटाला ३ मिमी धरले की साडेपाच त्रिक साडेसोळा, म्हणजे दुकानात मिळणारा एचओचा रूळ माझ्यासाठी तंतोतंत ब्रॉडगेज ठरतो. तोच रूळ एचओमध्ये १४३५ मिमीचा होतो आणि भारतीय गाडी त्याच्यावर उभी केली की समोरून पाहताना ती चिंचोळ्या पायांवर तोल सावरत असल्यासारखी दिसते. पावणेतीन मिमीचाच फरक आहे, हे मान्य. पण एकदा डोळ्यांना तो दिसू लागला की दिसायचा थांबत नाही. १९.३ मिमीचे रूळ स्वतः घालून एचओतही हे साधता येईल, मात्र मग प्रत्येक सांधा (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी) बदलावा लागेल. माझ्या मापात रूळ आणि सांधे तयार मिळतात, वरचे तेवढे घडवायचे. चौदा वर्षे यात घातली आहेत, त्यामुळे माप बदलण्याचा सल्ला कृपया नको.

एन_गेजवाला:
एनमध्येही गेजची चूक तेवढीच आहे, पण ती दिसत नाही.

जुना_फिटर:
वाठारकर, आपण सहा ॲक्सलच्या चॅसिसच्या मागे लागलात, तेथेच गाडे अडले. कोणतीही एचओ ट्रायमाउंट (डब्ल्यूडीएम-२ ला असते तशी तीन ॲक्सलची) बोगी आपल्याला एक षष्ठांशाने लांब पडणारच, त्यात नवल नाही. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत पहिल्या आणि तिसऱ्या ॲक्सलमधले अंतर आपल्या मापात साधारण ३७.५ मिमी येते. जर्मन बो-बो (दोन-दोन ॲक्सलच्या दोन बोगी असलेल्या) इंजिनांपैकी काहींच्या बोगीचे चाकअंतर ३.२ ते ३.४ मीटर आहे, म्हणजे एचओमध्ये ३७ ते ३९ मिमी. अशी दोन ॲक्सलची मोटर लावलेली बोगी घ्यावी, बाहेरचे दोन ॲक्सल तिचेच ठेवावेत आणि मधली चाके अर्ध्या ॲक्सलवर बाजूच्या चौकटीतून सोडावीत, कारण मध्ये गिअर असल्याने अख्खा ॲक्सल जाणार नाही. मधले चाक बरोबर मध्यावर घेऊ नये. ट्रायमाउंटमधील अंतरे असमान असतात, तेच तिचे रूप आहे. चाकाचा व्यास १०.७५ मिमी हवा, त्याला एचओ डब्यांचे ११ मिमीचे चाक चालून जाईल.

रूळमित्र:
अधांतरी चाक फिरणार नाही, आणि तेही डोळ्यांना दिसेलच की!

जुना_फिटर:
रुळाला हलके टेकवले तर फिरते. मात्र भार त्याच्यावर येऊ देऊ नये, अन्यथा चालती चाके उचलली जाऊन घसरतील.

डबेवाला_६४:
इंजिनाला तपकिरी रंग देणार की निळा?

वाठारकर:
फिटरकाका, आभारी आहे. माझ्या डब्यांखाली २.५ मीटर चाकअंतराच्या जर्मन डब्यांच्या एचओ बोगी आहेत, त्या २८.७ मिमी भरतात आणि आयसीएफला २८.५ हव्यात, म्हणून मी त्या बिनदिक्कत वापरल्या. हाच न्याय इंजिनाला लावण्याचे मला सुचले नाही. आता एकच विचारतो: जर्मन चॅसिसमध्ये दोन बोगींच्या पिव्होटमधले (बोगी ज्याभोवती वळते त्या खिळींमधले) अंतर माझ्या बॉडीशी जुळत नसेल, तर मधली चौकट पितळी पट्टीची करावी की प्रिंट करावी?

जुना_फिटर:
पितळ. दहा डबे ओढायचे तर वजन लागेल. पट्टी दोन मिमी जाड घ्या आणि पिव्होटची भोके बोगी हातात आल्यावरच पाडा.