एकच खातं केलं की गोंधळ संपेल?
सरकारचं सगळं डिजिटल काम एकाच सरकारी खात्याकडे द्या म्हणजे गोंधळ संपेल, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आधारचंच बघा. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबारच्या टेंभलीत पहिले क्रमांक वाटले, तेव्हा आधार देणारं प्राधिकरण (UIDAI) नियोजन आयोगाच्या छत्राखाली होतं. तिकडे केंद्राचं गृहखातं देशातल्या रहिवाशांच्या नोंदीसाठी, म्हणजे राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठी (NPR), त्याच माणसांचे ठसे वेगळे घेणार! शेवटी २०१२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोघांना ठसे घ्यायला राज्यं वाटून दिली. आणि कायदा? तो थेट २०१६ ला. आधी काम, मग अधिकार कोणाचे ते ठरवायचं, असा सगळा उलटा कारभार. एक खातं असतं तरी हे चुकलंच असतं.

बाकी आमच्या आईचे ठसे अजून उमटत नाहीत, भांडी घासून रेषाच गेल्यात. रेशनवाला दर महिन्याला बोट पदराला पुसायला लावतो.