चळवळीतली जात, चळवळीतलं बाईपण : तुमचे अनुभव लिहा

परिवर्तनवादी संघटनांत काम करताना जात आणि बाईपण कुठे आडवं आलं, आणि कोण खरोखर सोबत उभं राहिलं? संघटनेचं नाव नको, पण जे घडलं ते मोकळेपणाने लिहा.

कलापथकातली गायिका
मोर्च्याच्या तोंडाशी आम्ही वस्तीतल्या मुली. सभा सुरू झाली की मंचावर दुसऱ्याच ताई. "लोक जमेपर्यंत दोन गाणी होऊ द्या," एवढ्यापुरत्या आम्ही. एका अत्याचाराच्या प्रकरणात सत्यशोधन समिती गावात गेली. मुलीची आई समितीसमोर तोंड उघडेना. रात्री चुलीपाशी मी बसले, तेव्हा ती बोलली. पोलिसांनी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता, हे तिथे कळलं. छापील अहवालात ती माहिती आली, मी मात्र 'स्थानिक कार्यकर्त्यांच्या मदतीने' या तीन शब्दांत. अजून सलतं.

निनावी
आमची संघटना आपल्याच समाजाची. एका पदाधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल तक्रार केली, तर उत्तर आलं, "बाहेर गेलं तर समाज बदनाम होईल." २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिथे बायकांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला. घरातलं चव्हाट्यावर आणायला त्या घाबरल्या नाहीत, मग मी का गप्प बसू? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मानधन न घेणारी स्वयंसेविकाही येते, हे प्रत्येकीने लक्षात ठेवा.

युवा आघाडी
शिबिरात सतरंज्या कोण घालतं आणि बौद्धिक कोण घेतं, आडनावं बघा. चहाकडे 'जरा बघायला' कायम मुलीच. याहून जास्त काय लिहू?

तालुका कार्यकर्ती
चांगलंही लिहिते. शेवटची एसटी पावणेसातची. आम्ही निघालो की खरे निर्णय व्हायचे, सकाळी नुसते कळायचे. शहरातल्या एका सहकारी ताईंनी बैठकीत स्पष्ट सांगितलं, "गाडी चुकवून ठराव होणार असतील तर माझी सही नाही." सहीशिवाय निधी अडला. महिनाभर धुसफूस झाली, त्यांना 'फूट पाडणारी' म्हटलं गेलं. त्या हलल्या नाहीत. आता ठराव पाचच्या आत होतात, आणि इतिवृत्त आमच्यातलीच एक लिहिते.