विडी कामगार महिलांच्या हक्कांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी का?

मूळ मत

सोलापुरात असंख्य महिला कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणून घरी विड्या वळतात. त्यांतल्या अनेकींच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड किंवा दखनी. भविष्यनिर्वाह निधीची ऑनलाइन प्रक्रिया मात्र त्यांना परक्या भाषेत समोर येते. आधार कार्डावरचे नाव आणि निधीच्या नोंदीतले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी स्वतःच्या कष्टाची रक्कम अडते आणि ती सोडवण्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजावे लागतात. केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या ‘भाषिणी’ उपक्रमात भारतीय भाषांतले बोलणे ओळखून त्याचे भाषांतर करणारी साधने आहेत. त्यांच्या आधारे, बाईने आपल्या भाषेत फोनवर अडचण सांगावी आणि अर्ज नेमका कशामुळे परत आला हे तिला त्याच भाषेत कळावे, अशी सोय झाली, तर मध्यस्थावरचे अवलंबन संपेल. माझ्या मते समतेच्या दिशेने याहून थेट पाऊल दुसरे नाही.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. यंत्र उत्तम तेलुगू बोलले, तरी पुढे जिथे आधारवरील ठशांनी ओळख पटवावी लागते, तिथे तिचा अंगठा जुळावा लागतो, आणि वर्षानुवर्षे पाने हाताळून झिजलेल्या बोटांचे ठसे अनेकदा जुळत नाहीत. चेहरा ओळखण्याचा पर्याय आहे, पण २०१८ साली अमेरिकेत चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या प्रणाली तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ज्या स्त्रियांना आधीच कोणी विचारत नाही, त्यांच्याच वाट्याला यंत्राची चूक अधिक येते. शिवाय घरातला स्मार्टफोन बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती असतो.

प्रतिसाद २

दोन्ही मते वाचली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. ऑनलाइन ओळख-पडताळणीत डोळे मिचकावून दाखवता येत नाहीत, म्हणून ॲसिड हल्ल्यातील पीडितांना आणि दृष्टिहीनांना अडवले जात होते. त्यांच्या याचिकांवरचा हा निकाल आहे. यंत्रणा बदलून मागण्याचा आधार त्यातून मिळतो, तेव्हा तंत्रज्ञानच नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

ठशांचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून माझी मागणी अधिक नेमकी करतो. यंत्राने माहिती द्यावी, अर्ज भरून द्यावा, नोंदींतली तफावत दाखवावी. अर्ज नाकारण्याचा अधिकार मात्र त्याला कदापि नसावा. नकार द्यायचा असेल, तर जबाबदार अधिकाऱ्याने तो सहीनिशी, कारणासह आणि तिला कळेल अशा भाषेत द्यावा.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

ही सीमारेषा कागदावर पटते. परंतु यंत्राने ‘तफावत’ असा शेरा मारल्यावर, कामाच्या ओझ्याखाली दबलेला किती अधिकारी त्याच्याविरुद्ध सही करील? तेव्हा कामगार वस्तीत दोन भाषा जाणणारी, पगारी माणसे आधी नेमावीत आणि यंत्र त्यांच्या हाती द्यावे, हाच क्रम मी धरून राहीन.