कंपाउंडच्या तारेत करंट सोडायचा का?

सेक्रेटरी : मागच्या भिंतीवरून पोरं पुन्हा आत आली. काही सभासदांचं म्हणणं, तारेत रात्री करंट सोडू. मतं कळवा.

कुलकर्णी काका : माझा पाठिंबा. चोरून शिरायचं आणि लागलं तर आपण भरपाई द्यायची?

नीलिमा (वकील) : काका, हात जोडते, हे करू नका. बिहारमध्ये एकाने शेजारच्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून वाटेवर उघडी तांब्याची तार लावून वीज सोडली. शेजारच्या बाईच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती तिकडे जायची. तार लागून ती गेली. ‘ती घुसखोर होती, मालमत्ता राखायचा मला हक्क आहे,’ हा त्याचा बचाव. सुप्रीम कोर्टाने १९६३ साली शिक्षा कायम केली. घुसखोर झाला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणातून बाद होत नाही.

कुलकर्णी काका : ‘सावधान’ची पाटी लावली तर?

नीलिमा : सहा-सात वर्षांची पोरं आहेत काका, पाटी कोण वाचणार? निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. इथे तर आपण ठराव करून, जाणूनबुजून करंट सोडणार.

रोहन ए-२०२ : शेतात झटका मशीन लावतात ना?

नीलिमा : ते थांबूनथांबून क्षणभर झटका देतं. मीटरची लाइन थेट तारेत सोडणं म्हणजे जीव घेणं.

कुलकर्णी काका : बरं, करंट नको. म्हणजे आपण काहीच केलं नाही की सुटलो.

नीलिमा : नाही ना! मला खरी धास्ती त्याचीच आहे. इंग्लंडमध्ये रेल्वेचं कुंपण तुटलेलं होतं, मुलं रुळांवर जातात हे स्टेशनमास्तरला कळवलंही होतं. सहा वर्षांचा मुलगा आत जाऊन विजेच्या रुळावर भाजला. त्याआधी १९२९ साली तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, खाणीच्या यंत्रात सापडून गेलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या बापाचा दावा फेटाळला होता. १९७२ मध्ये त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने ती भूमिका सोडली आणि रेल्वेला जबाबदार धरलं. धोका माहीत, मुलं येतात हेही माहीत, तरी हातावर हात ठेवून बसलात, हे माणुसकीला धरून नाही, असा त्याचा अर्थ. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपल्या मागच्या भिंतीचं भगदाड आठवा. त्याचे फोटो याच ग्रुपवर आहेत.

वैशालीताई : आणि आतली जुनी टाकी? परवा दोन पोरं फळी सरकवून आत खडे टाकत होती. एक तर पोटावर पालथा पडून वाकला होता. मी ओरडले तशी पळाली.

कुलकर्णी काका : फळीच आहे अजून? लोखंडी झाकण ठरलं होतं ना?

सेक्रेटरी : कोटेशनवर अडलंय.

कुलकर्णी काका : कोटेशन राहू दे. फॅब्रिकेटरला मी आत्ता घेऊन येतो, कुलपासकट बसवू. गवंडी तू बघ. करंटचा विषय माझ्याकडून मागे.