लाओसच्या गावांतून फिरायचंय, न फुटलेल्या बॉम्बचं काय?

मंदार_वाटसरू:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी, बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा लाओसला जातोय. लुआंग प्रबांगहून फोन्सावन, तिथलं दगडी रांजणांचं पठार, आणि मग दोन दिवस भाड्याच्या स्कूटर घेऊन आसपासची गावं, असा बेत आहे. तिकिटं काढून झाल्यावर वाचलं की त्या भागात युद्धातले जिवंत बॉम्ब अजून जमिनीत आहेत. बायको म्हणते फोन्सावन गाळू या. मुलाला दिसेल तो गोटा उचलून खिशात घालायची सवय आहे, खरी धास्ती तीच. कुणी प्रत्यक्ष राहून आलंय का तिकडे?

डोंगरवेडा:
बिनधास्त जा. मी चार वर्षांपूर्वी एकटा फिरलो, ओढ्याकाठी तंबू ठोकून राहिलो, रात्री शेकोटी केली. काही झालं नाही. पन्नास वर्षांत सगळं गंजून गेलं असेल.

कुंदा:
डोंगरवेडा, तुम्ही सुखरूप आलात याचा मनापासून आनंद आहे. पण हा सल्ला कृपा करून आणखी कुणाला देऊ नका. गंजतं ते कवच. आतली स्फोटकं पन्नास वर्षांत नासत नाहीत, आणि गंजलेली कळ कधी दगा देईल याचा नेम नसतो. शेकोटीचं तर नावच नको. बॉम्ब वीतभर मातीखाली असला तरी वर विस्तव पेटला की तापतो. शेतातलं तण जाळताना आणि उघड्यावर स्वयंपाक करताना तिथली माणसं अशीच गेली आहेत.

मंदार, तुम्ही मात्र फोन्सावन गाळू नका. नवरा रस्त्याच्या कामावर होता म्हणून आम्ही तिथे दोन वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगते.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले बरेचसे क्लस्टर बॉम्ब. म्हणजे मोठं कवच हवेत उघडतं आणि त्यातून शेकडो छोटे बॉम्ब विखुरतात. असे सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब पडले आणि त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. तिथले लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात.

मी एक बॉम्बी पाहिलाय. पहिल्याच पावसाळ्यात घरामागच्या पायवाटेची कड ढासळली होती. मी तिथून भाजी घेऊन दोनदा गेले-आले, मला काहीच दिसलं नाही. तिसऱ्या खेपेला शेजारच्या आजी बरोबर होत्या. त्यांनी माझा दंड असा धरला की बोटं उमटली, आणि एकच शब्द म्हणाल्या, "अंतलाय!" आपला 'अंतराय' तो हाच, पालीतून तिकडे गेलेला. तिकडे त्याचा अर्थ धोका. मग दिसला मला. टेनिसच्या चेंडूएवढा, लाल मातीत अर्धा रुतलेला, अंगावर उभे कंगोरे, गंजाचा आणि मातीचा रंग एकच. ते कंगोरे अशासाठी की पडताना तो गरगर फिरावा. फिरण्यानेच आतली कळ मोकळी होते. म्हणजे पडून राहिलेला बॉम्बी फुटायच्या तयारीतच असू शकतो.

आजींनी मला पळू दिलं नाही. ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी मागे नेलं, वाटेवर दोन काठ्या आडव्या टाकल्या आणि थेट नाय बानकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी पथक आलं. भोवती वाळूची पोती रचून त्यांनी तो जागच्या जागी उडवला. घरातली भांडी खणाणली. आजी त्या वेळी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पुढे मला कळलं की त्यांचा भाऊ असाच गेला होता, युद्ध संपल्यावर, शेतात कुदळ मारताना.

तर धोका डांबरी रस्त्यावर किंवा रोजच्या वापरातल्या पायवाटेवर जवळजवळ नाहीच. तो वाटेपासून चार पावलांवर आहे. आपण गाडी थांबवून लघवीला झाडीत शिरतो ना, ते तिथे करायचं नाही. पुढच्या गावापर्यंत कळ काढा, नाहीतर रस्त्याच्या कडेलाच उरका, लाज गेली तरी चालेल. फोटोसाठी बांधावर चढू नका. गुगलने दाखवलेली शेतातली जवळची वाट नको. गावात शिरलात की पुढची वाट कुणाला तरी विचारा, माणसं आपणहून पोचवायला येतात.

रांजणांच्या पठारावर जमिनीत छोट्या खुणा बसवलेल्या दिसतील, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. त्या मॅग या बॉम्ब शोधून काढणाऱ्या संस्थेच्या. पांढऱ्या बाजूची जमीन खालपर्यंत तपासलेली असते, लाल बाजूची फक्त वरवर. मुलाला पांढऱ्या बाजूनेच चालू द्या. रांजणांच्या मधोमध बॉम्बचे खड्डे आहेत, ते दाखवा त्याला.

आणि आदल्या संध्याकाळी फोन्सावनच्या मुख्य रस्त्यावरच्या मॅगच्या माहिती केंद्रात त्याला न्या. 'कशाला हात लावू नकोस' असं दहादा सांगण्यापेक्षा, आपण नेमकं कशाला हात लावायचा नाही ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं. डिसेंबरात तिथे ह्मोंग लोकांचं नवं वर्ष असतं, मैदानात पोरंपोरी चेंडू झेलत उभी असतात. गोल वस्तू दिसली की मुलाचा हात जाणारच, तुमच्या मुलाचाही आणि तिथल्याही.

अश्विनी_प:
कुंदाताई, बॉम्बच्या धातूचे चमचे आणि बांगड्या मिळतात म्हणे. घ्यावेत का?

कुंदा:
बान नापिया नावाच्या गावात बनतात. विमानांचे तुकडे, इंधनाच्या टाक्या वगैरेंचं ॲल्युमिनियम वितळवून साच्यात ओततात. ते काम आम्ही बसून बघितलंय. चमचे गावात जाऊन घ्या, कारागिरांच्या हातात पैसे पडतात. पण बॉम्बचं कवच, गोळ्या, पत्र्याचा तुकडा असलं काही कुणी आणून दिलं तर अजिबात नको. भंगाराला भाव आला की मुलं ते शोधायला रानात जातात. त्यातच किती जणांचे हात गेले आहेत.

मंदार_वाटसरू:
कुंदाताई, तुमचं उत्तर काल रात्री तिघांनी मिळून वाचलं. फोन्सावन कायम. स्कूटरऐवजी स्थानिक वाटाड्या आणि गाडी घेतोय. मुलाने विचारलं, तिथल्या मुलांना हे कोण सांगतं?

कुंदा:
शाळेत शिकवतात. आमच्या गावच्या शाळेत बाहुल्यांचा खेळ घेऊन यायचे. एक बाहुला बॉम्बीकडे हात नेतो आणि बसलेली सगळी पोरं एकदम ओरडतात, "अंतलाय!" तुमच्या मुलाला तो शब्द नीट म्हणता येईल एवढा पाठ करून घ्या. 'ला'वर जरा जोर द्यायचा.